‘वरून लावावयाचे औषध’ : मुरूम, मलम आणि एका समजुतीचा इतिहास

मराठी बोलणारा मनुष्य औषधांचे दोन वर्ग सहज करतो : पोटात घ्यावयाचे औषध आणि वरून लावावयाचे औषध. पहिल्याविषयी तो सावध असतो. ते उष्ण पडेल काय, जेवणाआधी घ्यावे की नंतर, किती दिवस घ्यावे, अशी विचारपूस तो करतो. दुसऱ्याविषयी अशी विचारपूस क्वचितच होते. ‘वरून तर लावायचे आहे’ एवढे म्हटले की शंका मिटते. ही समजूत केवळ लोकव्यवहारापुरती असती, तर तिचा इतिहास लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु भारताच्या औषधविषयक नियमांतही ती एका वाक्यांशाच्या रूपाने दीर्घकाळ नांदत होती, आणि चौदा स्टिरॉइड द्रव्यांच्या बाबतीत ती दूर होण्यास २३ मार्च २०१८ ची अधिसूचना निघावी लागली. या समजुतीची किंमत प्रामुख्याने तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यांनी मोजली. मुरमांवर स्टिरॉइडयुक्त मलम चोळल्याने मुरूम बळावतात आणि चेहरा त्या मलमाचा बांधील होऊन बसतो, ही गोष्ट वैद्यकाला अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. ती लोकांपर्यंत का पोहोचली नाही, याचे एक कारण शब्दांच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. रोगाची नावे

या विकाराचे जुने संस्कृत नाव ‘मुखदूषिका’, म्हणजे मुख बिघडविणारी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तिचे वर्णन येते. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पिडकांना तेथे सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे, आणि कफ, वात व रक्त यांना त्यांचे कारण मानले आहे. चिकित्सास्थानात वमनाला प्राधान्य असून वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा, किंवा धणे, वेखंड, लोध्र व कोष्ठ यांचा लेप सांगितला आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, विकाराला ‘क्षुद्र’ वर्गात घालूनही संहिताकार केवळ वरच्या लेपावर विसंबून राहत नाहीत. शरीराच्या आतील शोधन आधी येते व लेप त्याच्या जोडीला येतो.

शिष्ट मराठीत आज रूढ असलेला ‘तारुण्यपिटिका’ हा शब्द याच परंपरेतील आहे. त्यात रोगाचे वय सांगितले आहे, आणि वय सांगितल्यामुळे एक आश्वासनही आपोआप दिले गेले आहे : तारुण्याबरोबर आले, तारुण्याबरोबर जाईल. घरातील वडीलधारी मंडळी ‘वयात आली म्हणून येतात, लग्न झाले की जातात’ असे म्हणतात, तेव्हा ती या समासाचा विग्रहच करीत असतात. वस्तुतः अनेकांच्या बाबतीत, विशेषतः स्त्रियांत, हा विकार पंचविशी-तिशीनंतरही टिकतो. क्वचित त्याच्या मुळाशी बीजांडकोशाचा वा अन्य ग्रंथींचा विकारही असतो. अशा चिवट विकारासाठी रूढ भाषेत नाव नाही. जे नावात बसत नाही ते रुग्णाच्या दोषात बसविले जाते. मग तेलकट खाणे, जागरण, चेहरा न धुणे, मनात विचार आणणे अशी कारणे तिच्या माथी मारली जातात.

बोलभाषेतील शब्द ‘मुरूम’. रस्त्यावर पसरावयाचा, झिजलेल्या खडकाचा भरड चुरा तोही मुरूमच. सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू मुलखात ‘मुरमाड’ हे विशेषण जमिनीला लावले जाते व त्यात पिकाविषयीची निराशा असते. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकच असो वा नसो, बोलणाऱ्याच्या मनात त्यांची सांगड पडलेली असते : खडबडीत, सपाट करावयास हवी अशी पृष्ठभूमी. पृष्ठभागाच्या दोषावर पृष्ठभागाचाच उपाय, ही कल्पना या सांगडीतून बळावते.

युरोपीय भाषांतील ‘अॅक्ने’ या शब्दाची कथा तर अधिकच बोधक आहे. सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य एटियस याच्या ग्रंथात तो आढळतो. ‘अक्मे’ म्हणजे टोक किंवा भर. नक्कल करताना ‘म’ चा ‘न’ झाला व त्यातून हे रूप जन्मले, असा भाषाभ्यासकांचा प्रचलित तर्क आहे. तो खरा असल्यास, लेखनिकाच्या हातून घडलेली एक चूक शास्त्राचे पारिभाषिक पद होऊन बसली. शब्दाची चूक निरुपद्रवी असते असे नाही, याचा प्रत्यय या विषयात पुढेही येतो.

२. लेप, मलम, स्नो, क्रीम

त्वचेवर लावावयाच्या पदार्थांची मराठीतील नावे कालक्रमाने मांडली, तर एक सूक्ष्म स्थित्यंतर दिसून येते. ‘लेप’ व ‘उटणे’ हे जुने शब्द क्रियेवरून आलेले आहेत : लिंपणे, उटणे. त्यांतील द्रव्ये घरात कुटली जात, आणि लावणाऱ्याला ती ठाऊक असत. ‘मलम’ हा शब्द अरबी ‘मर्हम’ याच्याशी जोडला जातो व तो फारसीमार्फत मराठीत आला. तो जखमेशी निगडित आहे, म्हणून ‘मलमपट्टी’ हा जोडशब्द तयार झाला. मलम हे औषधच, याविषयी संदेह नव्हता.

विसाव्या शतकात प्रसाधनाचे नवे शब्द आले. १९१९ मध्ये इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी मुंबईत ‘अफगाण स्नो’ बाजारात आणले. पुढे ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत नटण्यासवरण्याचा पर्याय बनला. ‘स्नो’ मध्ये औषधाचा लवलेश नाही. त्यात शुभ्रता आहे. त्यानंतर ‘क्रीम’ आले, आणि या एका शब्दात दोन्ही अर्थ मिसळले. हात फुटू नयेत म्हणून लावावयाचे ते क्रीम, गोरे दिसण्यासाठी लावावयाचे ते क्रीम, आणि डॉक्टरांनी इसबावर लिहून दिलेले तेही क्रीम. ‘मलम’ आणि ‘स्नो’ यांमध्ये जी भिंत होती ती ‘क्रीम’ने पाडली.

अखेरीस ‘ट्यूब’ हा शब्द आला. ‘ट्यूब लावली’, ‘ट्यूब संपली’, ‘तीच ट्यूब द्या’ या वाक्यांत पात्राचे नाव आतील पदार्थाला मिळाले आहे. लक्षणेचा हा प्रकार नेहमीचाच आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, आतील द्रव्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंगच उरला नाही. ते नळीवर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते आणि गिऱ्हाईक ट्यूब ओळखते ती रंगावरून.

३. नळीत काय होते

त्या नळीतील द्रव्याचा इतिहास अद्भुत आहे. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीच्या स्रावाचा शोध घेता घेता अमेरिकेतील एडवर्ड केंडल व स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांनी १९३० नंतरच्या दशकात काही संप्रेरके वेगळी केली. त्यांपैकी कॉर्टिझोन हे लुईस सॅरेट यांनी १९४४ मध्ये गुरांच्या पित्तातील द्रव्यापासून कृत्रिम रीतीने प्रथम तयार केले. फिलिप हेंच यांनी मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये ते संधिवाताच्या रुग्णाला टोचले, आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

कॉर्टिझोन त्वचेवर लावून मात्र उपयोगी पडेना. १९५२ मध्ये सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन वरून लावले असता इसबासारखे विकार शमतात असे दाखविले. त्यानंतरच्या दशकात रेणूत फ्लोरिन घालून, एस्टर जोडून अधिकाधिक तीव्र द्रव्ये सिद्ध झाली : ट्रायॅम्सिनोलोन, फ्लुओसिनोलोन, बेटामेथासोन व्हॅलरेट, पुढे क्लोबेटासोल व मोमेटासोन. इसब, सोरायसिस व त्वचेच्या इतर दाहक विकारांच्या रुग्णांना या औषधांनी जो दिलासा दिला तो खरा आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

या तीव्रतेचे मापन कसे करावयाचे? १९६२ मध्ये मॅकेन्झी व स्टाउटन यांनी त्यासाठी एक सोपी कसोटी मांडली. द्रव्य हाताच्या त्वचेवर लावावयाचे आणि त्वचा किती पांढरी पडते ते पाहावयाचे. स्टिरॉइडने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून त्वचा फिकी पडते. जितके फिकेपण अधिक तितके द्रव्य तीव्र. प्रयोगशाळेत जे तीव्रतेचे माप होते, तेच घरातील आरशासमोर गुण ठरले. फिकेपणाला लोक गोरेपणा म्हणू लागले. गोऱ्या रंगाला लग्नाच्या बाजारात किंमत देणाऱ्या समाजात या एका शब्दबदलाने औषधाचे प्रसाधन करून टाकले. जाहिरातीची गरज भासलीच नाही. शेजारणीचा उजळलेला चेहरा पुरेसा होता.

४. मुरमांवर त्याचे काय होते

मुरमाची घडण आज बऱ्याच अंशी उलगडलेली आहे. वयात येताना पुंजन संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात; केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते; आत साठलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अॅक्निस हे जंतू वाढतात; आणि सभोवार दाह होतो. लाली, सूज व ठणका ही दाहाची लक्षणे होत.

स्टिरॉइड या साखळीतील केवळ शेवटची कडी दाबून टाकते. चारआठ दिवसांत लाली ओसरते, मुरूम बसतो, रंग उजळतो. त्वचेखाली मात्र बुजलेली तोंडे तशीच राहतात. उलट, नळीचे अस्तर कमकुवत होते आणि काही आठवड्यांनी एकाच आकाराच्या, एकाच वेळी उठलेल्या पुटकुळ्यांचे नवे पीक येते. त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, उन्हात आग होते, चेहऱ्यावर लव वाढते. भयभीत होऊन रुग्ण मलम थांबवितो, तेव्हा आकुंचित राहिलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. पुन्हा मलम लावले की सारे शमते. त्यामुळे रुग्णाचा निष्कर्ष ठरलेला असतो : हेच औषध मला मानवते, बाकी काही मानवत नाही. हा निष्कर्ष अनुभवावर आधारलेला आहे, म्हणूनच तो खोडून काढणे कठीण जाते.

हे ज्ञान अलीकडचे नाही. १९६९ मध्ये इंग्लंडमधील स्नेडन यांनी चेहऱ्याच्या लालीवर तीव्र स्टिरॉइड लावल्याने होणाऱ्या अपायाकडे लक्ष वेधले. १९७३ मध्ये प्लेविग व क्लिगमन यांनी वरून लावलेल्या स्टिरॉइडमुळे मुरूम उत्पन्न होतात हे प्रयोगाने दाखविले, आणि १९७४ मध्ये लेडन, थ्यू व क्लिगमन यांनी त्या द्रव्याने बिघडलेल्या चेहऱ्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. गंमत अशी की, याच क्लिगमन यांनी १९७५ मध्ये विलिस यांच्यासह त्वचेवरील काळे डाग घालविण्यासाठी ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व डेक्सामेथासोन या तीन द्रव्यांचे मिश्रण सुचविले. वांगासारख्या विकारात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मर्यादित काळ वापरावयाचा तो योग होता. भारतात त्यातील स्टिरॉइडच्या जागी अधिक तीव्र मोमेटासोन घातलेली मिश्रणे बाजारात आली, आणि कोणत्याही डागावर, कोणत्याही मुरमावर, कितीही दिवस लावली जाऊ लागली.

५. गावाकडे जाणारी वाट

२०११ मध्ये अबीर सारस्वत व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील निरनिराळ्या केंद्रांत केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या विकारासाठी आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शेकडा १४.८, स्टिरॉइडयुक्त मलम लावीत होते. त्यांपैकी १२६ जणांनी ते गोरेपणासाठी, सर्वसाधारण क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावावयाचे म्हणून वापरले होते. १०४ जणांनी मुरमांसाठी. २५७ जणांना ते वैद्यकीय व्यावसायिकाने सांगितलेलेच नव्हते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या १७६ चिठ्ठ्यांपैकी १४६ चिठ्ठ्यांवर ते पुनःपुन्हा गैररीतीने खरेदी झाले होते. ३९२ जणांना अपाय झाला होता, आणि त्या अपायांत मुरूम उठणे वा बळावणे हा सर्वांत अधिक आढळला. आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे : अतितीव्र द्रव्यांचा वापर ग्रामीण व निमशहरी लोकांत अधिक होता.

या निरीक्षणाचा अर्थ समजण्यासाठी जेऊरसारख्या गावाचे स्थान ध्यानात घ्यावे. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मार्गावरील हे करमाळा तालुक्यातील स्थानक. खुद्द करमाळ्याला रेल्वे नाही. तालुक्याचा रेल्वेने होणारा प्रवास जेऊरवरून होतो. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला सोलापूर. शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुलेमुली या मार्गाने शहरांत जातात, आणि शहरातील वस्तू, वस्तूंची नावे व सौंदर्याच्या कल्पना त्याच मार्गाने परत येतात. शहरातील मुलीच्या हाती नळीबरोबर निदान एखाद्या तज्ज्ञाचा इशाराही पडण्याचा संभव असतो. गावापर्यंत येताना नळी तेवढी येते. इशारा वाटेत गळतो.

अशा गावांत चेहऱ्यावर मुरूम आलेल्या मुलीपुढे दोन रस्ते असतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जावयाचे तर बहुधा दिवस मोडतो, भाडे पडते, आणि तेथे मिळणारा उपचार संथ असतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, अॅडापलीन वा ट्रेटिनॉइन यांचा गुण दिसू लागण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि आरंभी त्वचा सोलते ती वेगळीच. औषधाचे दुकान जवळ असते, तेथील ट्यूब स्वस्त असते, आणि तिचा गुण आठवड्यात दिसतो. लग्नाची बोलणी किंवा नोकरीची मुलाखत पंधरा दिवसांवर असताना तिने दुसरा रस्ता धरला, तर त्यात तिचे अज्ञान थोडे व परिस्थितीचा रेटा अधिक असतो. अज्ञान आहे ते शब्दातले : आपण ‘क्रीम’ लावतो आहोत, संप्रेरक नव्हे, असे तिला वाटते, कारण भोवतालच्या भाषेने तिला तसेच सांगितलेले असते.

६. नियमाचे शब्द

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी काही औषधे नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. ती ‘अनुसूची एच’ मध्ये नमूद आहेत. परंतु त्या अनुसूचीच्या टिपेत बाह्य उपयोगासाठी असलेल्या सिद्धतांना वगळण्यात आले होते. म्हणजे स्टिरॉइडची गोळी चिठ्ठीवाचून देता येत नसे. त्याच कुळातील द्रव्याची ट्यूब मात्र सुटी होती. ‘वरून तर लावायचे आहे’ हेच येथे विधिभाषेत उतरले होते. त्वचा ही भिंत नसून गाळणी आहे, आणि चेहऱ्याची त्वचा तर तळहातापेक्षा कितीतरी अधिक शोषून घेते, याची दखल त्या टिपेत नव्हती.

महाराष्ट्रात २०११ नंतरच्या काळात महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, चिठ्ठी, पावती व दुकानात औषधनिर्मात्याची हजेरी यांविषयी कडक तपासणी झाली. केमिस्ट संघटनांनी तिला विरोध केला व बंदही पुकारले. तथापि ज्या मलमांना नियमानेच वगळले होते, त्यांच्यासाठी चिठ्ठीचा आग्रह धरण्यास आधार दुबळा होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने हा प्रश्न लावून धरल्यानंतर, २०१८ च्या अधिसूचनेने बेटामेथासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन इत्यादी चौदा द्रव्यांची सवलत काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी घातलेल्या ३२८ औषधमिश्रणांत स्टिरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक एकत्र केलेली काही मलमेही होती.

नियम बदलला तरी समजूत बदलतेच असे नाही. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध झाली. गोरेपणाच्या क्रीममुळे त्या घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात क्रीममधील पारा हे कारण आढळले. द्रव्य वेगळे होते. परंतु फसविणारी समजूत तीच होती. वरून लावलेले आत जात नाही, असे त्यांनाही वाटले असणार.

७. उपसंहार

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, १९६९ ते १९७४ या पाच वर्षांत जे कळले होते, ते भारतीय नियमांत उतरण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. या विलंबात व्यापाराचा व प्रशासनाचा वाटा आहेच. परंतु ‘बाह्य उपयोग’ हा वाक्यांश सर्वांना इतका निर्दोष वाटत होता की, त्याकडे बोट दाखविणेच अनेकांना सुचले नाही. दुसरी गोष्ट ही की, मराठीत ‘हॉर्मोन’साठी ‘संप्रेरक’ हा अर्थवाही शब्द घडविला गेला, तो पाठ्यपुस्तकांत रुळला, परंतु औषधाच्या दुकानाची पायरी त्याने ओलांडली नाही. ‘ही संप्रेरकाची ट्यूब आहे’ असे एक वाक्य दुकानदाराने वा डॉक्टरने उच्चारले, तर ऐकणारी मुलगी निदान एक प्रश्न विचारील. ‘क्रीम आहे, लावा’ या वाक्यावर विचारण्याजोगा प्रश्नच उरत नाही.

ज्यांचा चेहरा या मलमाचा बांधील झाला आहे, त्यांना त्यातून बाहेर पडता येते. मलम थांबविल्यावर येणारी आग व लाली हा नवा रोग नसून जुन्या मलमाचा उतार आहे, हे आधी सांगितलेले असले तर रुग्ण धीर धरतो. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्टिरॉइड बंद वा क्रमाने कमी करून, त्वचेला सौम्य स्निग्धता व उन्हापासून आडोसा देऊन, गरजेप्रमाणे टॅक्रोलिमस वा डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे योजून काही आठवड्यांत वा महिन्यांत त्वचा सावरते, आणि मग मूळच्या मुरमांवर योग्य उपचार करता येतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले आहे. त्या नावाचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नाही. ‘मुखदूषिका’ या शब्दाने दोष पिडकेकडे दिला, लोकांच्या बोलण्याने तो मुलीच्या खाण्यापिण्याकडे व स्वभावाकडे दिला; या नव्या नावाने प्रथमच तो नळीतील द्रव्याकडे दिला आहे. मराठीत असे सुटसुटीत व बोलण्यात रुळेल असे नाव अद्याप घडावयाचे आहे, आणि परिभाषेच्या अभ्यासकांना ते काम परके मानता येणार नाही.